नक्कल

सगळ्यात आधी संगणकवाल्याचं हसू थांबलं. बिस्किट तोंडाशी धरून तो तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत राहिला. मग नोंदणीच्या बाईंनी कपात तोंड खुपसलं. तरीही तिचं चालूच होतं, कारण नक्कल एकदा रंगात आली की तिला ती आवरत नसे. मान किंचित डावीकडे कललेली, डोळे मिटलेले, एक बोट हवेत, आणि तो संथ आवाज, प्रत्येक शब्द टाचणीने कागदाला लावत गेल्यासारखा: "म्हणजे असं बघा, ताई..." खोली गप्प झाली आहे हे तिला उशिरा कळलं. तिने डोळे उघडले आणि वळून पाहिलं. दारात स्वतः मोजणीदार आजोबा उभे होते. खांद्यावर प्रयोगशाळेचा निळा टॉवेल, पांढऱ्या केसांत जागोजाग वाळत आलेली पेस्ट, कपाळावर टोपीच्या पट्ट्याचा लाल वळ. ते तिच्याकडे बघत नव्हते, चहाच्या यंत्राकडे बघत होते. "ताई, गरम पाणी येत नाहीये," ते म्हणाले. "थंड पाण्याने हे निघत नाही."

"आले, आजोबा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिला त्या क्षणीही नवल वाटलं. तिने किटलीत पाणी तापवलं, बादलीत थंड मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं. मोजणीदार बेसिनपुढच्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटून घेतले. एरवी प्रत्येकाचे केस ती स्वतःच धुऊन द्यायची. आज चहाची वेळ झाली होती, सगळे खोलीत जमले होते आणि तिच्यापाशी ताजा माल होता, म्हणून तिने म्हाताऱ्याच्या हातात टॉवेल दिला आणि नळ दाखवून निघून आली होती. आता ती मगाने पाणी सोडत होती आणि बोटांनी एकेक गाठ सोडवत होती. कानामागचा भाग, मानेवरची लव, टाळूवरचा मऊ, जवळजवळ उघडा पडलेला गोल. काहीतरी बोलायला हवं होतं. पाणी बरं आहे ना, एवढं तरी. तिने पुन्हा मग भरला. तिच्या बोटांखाली त्या डोक्याची कातडी हलत होती, म्हणजे आत जबडा घट्ट आवळलेला होता. त्यांनी किती ऐकलं? दारात कधीपासून उभे होते? हे विचारता येत नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. केस पुसून झाल्यावर ते उठले, टॉवेलची नीट चौकोनी घडी घातली आणि म्हणाले, "बरंय." पुढच्या बुधवारी ते आले नाहीत.

प्रयोग तसा साधा होता. वेगवेगळ्या धर्मांतली, वेगवेगळ्या वाटांनी ध्यान करणारी चाळीस माणसं गोळा करायची, त्यांच्या डोक्यावर चौसष्ट तारांची टोपी चढवायची, चाळीस मिनिटं त्यांना त्यांच्या पद्धतीने बसू द्यायचं आणि पडद्यावर उमटणाऱ्या मेंदूच्या रेषा साठवून ठेवायच्या. प्रत्येकाने सहा वेळा यायचं. प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या तक्त्यात पाच रकाने होते: श्वास, नाम, नजर, डोलणं, मौन. तिचं काम टोपीचं. कपाळापासून मानेपर्यंत फीत धरून माप घ्यायचं, मधला बिंदू काढायचा, टोपी ओढायची, मग प्रत्येक भोकातून केस बाजूला सारून बोथट सुईने पेस्ट सोडायची. पाऊण तास तिची बोटं अनोळखी माणसाच्या केसांत असायची. आणि डोक्यात बोटं फिरायला लागली की माणूस बोलतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. डॉक्टरबाईंच्या प्रश्नावलीत जे कुणी लिहिलं नाही, ते तिच्या बोटांना सांगितलं गेलं. मठातली जोगीण, चाळीस वर्षं एकच शब्द श्वासाबरोबर उगाळणारी, म्हणाली होती, "देवापुढे बसते आणि त्याच्याशी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल बोलते. तो ऐकून घेतो, पण दुरुस्त काही करत नाही." भिक्खूचं डोकं तुळतुळीत, त्यामुळे काम निम्मं. तो म्हणाला होता की गुडघा दुखला की त्याला गुडघ्याचा राग येतो, मग रागाचा राग येतो, आणि घंटा होते. गळा भरून नाम घेत डोलणारा दर्गेवाला शिंपी म्हणाला होता, "डोलतो तेव्हा आजूबाजूचे बघतायत का, हे मी डोळ्यांच्या फटीतून बघतो हो. माफ करावं मला." कुणी मेणबत्तीकडे बघायचं, कुणी ओळीने बाकावर गप्प बसून आतून आवाज यायची वाट बघायचं. सगळे एकमेकांहून वेगळे, आणि सगळ्यांना एकाच गोष्टीची लाज वाटायची: की आपल्याला ते जमत नाही.

तिला ते सगळं आवडायचं. आवडायचं म्हणजे त्या कबुल्या ती घरी जाताना मनात घोळवत न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मांडायची. जोगिणीचा नळ, भिक्खूचा गुडघा, शिंप्याची फट. आवाज, मान, हात, सगळं हुबेहूब. लॅबमध्ये तिला मैना म्हणत. "मैना, आज काय नवीन?" असं कुणी विचारलं की तिला आतून ऊब यायची. एरवी तिला कोण विचारत होतं? पेपर छापून येत तेव्हा नावं वरच्यांची. टोपी घालणारीचं नाव शेवटी आभारात, तेही दोनदा चुकीचं छापलेलं. चहाची ती पंधरा मिनिटं मात्र तिची होती. कुणाचं वाईट व्हावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे ती त्या आठवड्यात स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, भांडी घासताना, बसच्या रांगेत, आरशासमोर. वाईट व्हावं असं वाटलं नव्हतं. पण वाटलं नव्हतं म्हणजे नेमकं काय वाटलं होतं, इथपर्यंत आली की तिचे कान तापायचे आणि ती नळ मोठा सोडायची.

मोजणीदार निवृत्त होते. जमिनींची मोजणी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गेली बत्तीस वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी ते एका छापखान्यावरच्या खोलीत मौनाची बैठक घेत. कुठल्या एका धर्माची नव्हे. ज्याने त्याने आपापल्या रीतीने बसावं, बोलू मात्र नये. साठेक माणसं येत. डॉक्टरबाईंना त्यांच्याबद्दल फार अपेक्षा होत्या. 'मौन' या रकान्यातला सगळ्यात मुरलेला माणूस. त्या पहिल्या बुधवारी ती त्यांच्या टाळूवर पेस्ट सोडत होती तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे असं बघा, ताई. या यंत्राला कळतं का, की माणूस खरंच गप्प आहे की नुसता बसलाय?" ती हसून म्हणाली होती, "नाही हो, आजोबा. यंत्राला एवढं कुठलं कळायला?" तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले. मग ते बोलले. डोळे मिटले की त्यांचं मोजणं सुरू होतं. खोलीची लांबी, रुंदी, कोण कुणापासून किती अंतरावर बसलंय, खिडकीची चौकट भिंतीच्या कितवा हिस्सा आहे. बत्तीस वर्षांत एक मिनिट थांबलं नाही. "लोक नंतर माझा हात हातात घेतात हो. म्हणतात, तुमच्याजवळ बसलं की निवल्यासारखं वाटतं. मी काय बोलू?" आणि मग ते दुसरं. बायको गेली त्या आठवड्यातही मंगळवार चुकवला नाही. सगळ्यांना वाटलं, केवढा धीर. "मी तिचा पलंग मोजत होतो, ताई. सहा फूट तीन इंच, बाय तीन. पुन्हा पुन्हा. तेवढ्या जागेत ती कशी मावत होती, तेच मला कळेना. झोपताना पाय दुमडायची की काय, तेही आठवेना."

ती चहाच्या खोलीत जी नक्कल करत होती ती बैठकीची होती, खिडकीच्या चौकटीची होती, असं ती चार दिवस स्वतःला सांगत राहिली. पाचव्या दिवशी, भाजी चिरताना, हातातली सुरी बाजूला ठेवून तिला ते बघावंच लागलं. हसणं सगळ्यात मोठं झालं ते पलंगाला. संगणकवाला टेबलावर हात आपटत होता. "सहा फूट तीन इंच, बाय तीन!" तिने बोट हवेत धरून, डोळे मिटून, पलंगही सोडला नव्हता.

बाबा अडखळत बोलायचे. हे तिला तिथेच, त्या ओट्यापाशी आठवलं. आठवलं असं नव्हे, ते तिथे होतंच, नुसता वरचा कपडा सरकला. ती नऊ वर्षांची असेल. दुपारी पाहुणे आले होते, काकांच्या ऑफिसातली माणसं. काकांनी कौतुकाने तिला पुढे केलं, आमची पोरगी नकला करते. तिने शाळेतल्या बाई केल्या, शेजारची आजी केली, आणि मग, सगळे खूश आहेत हे बघून, बाबा केले. "च-च-चहा घ-घेणार ना?" सगळ्यात मोठ्याने बाबा हसले. ते हसले म्हणून बाकीचे मोकळेपणी हसले. तिच्या लक्षात राहिलं होतं ते एवढंच: बाबांना आवडलं होतं. त्यानंतर घरी कुणी आलं की बाबा हसून मान हलवायचे आणि आईला पुढे करायचे. फोन वाजला की तिला हाक मारायचे, नुसत्या हाताने. रोज संध्याकाळी कामावरून आले की गॅलरीत खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि दिवेलागणीपर्यंत बसायचे. किती शांत माणूस, असं सगळे म्हणत. ध्यानाला बसलेत, आवाज करू नका, असं ती स्वतः मैत्रिणींना सांगायची, थोड्या तोऱ्यातच. या नोकरीच्या मुलाखतीतही ती म्हणाली होती की आमच्या घरात ध्यानाची सवय आहे, वडील रोज बसायचे.

तिने आईला फोन लावला. आई भावाकडे असते. तब्येतीचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "आई, बाबा संध्याकाळी गॅलरीत बसायचे, ते ध्यानच करायचे ना?"

"ध्यान कसलं?" आई म्हणाली. "बोलावं लागू नये म्हणून बसायचे. तुला माहीत नव्हतं?"

"कधीपासून?"

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. आई उगाच काहीतरी इकडचं तिकडे ठेवत होती. "आता कशाला ते? तू लहान होतीस," आई म्हणाली.

सोमवारी डॉक्टरबाईंनी तिला बोलावून मोजणीदारांना फोन करायला सांगितलं. सहापैकी एकच वेळ झाली आहे, माणूस गळला तर रकाना लंगडा पडेल. "तुझ्याशी ते चांगलं बोलतात म्हणे," बाई म्हणाल्या. ती हो म्हणाली. फोन उचलला, चार आकडे दाबले आणि ठेवून दिला. मंगळवारी ती लवकर निघाली आणि छापखान्याच्या बाजूचा जिना चढून गेली. खाली यंत्रं चालू होती, पायऱ्यांना बारीक थरथर होती, शाईचा वास होता. खोलीत मोजणीदार एकटेच खुर्च्या मांडत होते. तिला बघून ते थांबले नाहीत. हातातली खुर्ची रांगेत लावली, मागे होऊन रांग सरळ आहे का पाहिली, मग म्हणाले, "या."

वाटेत तिने वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही सापडेना. "आजोबा, मी माफी मागायला आले."

"मागा."

"मी चुकले. तुम्ही मला विश्वासाने सांगितलं आणि मी... मला माफ करा."

"ऐकलं," ते म्हणाले. त्यांनी दुसरी खुर्ची उचलली. ती पुढे होऊन हात लावायला गेली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग तिच्याकडे पाठ असतानाच ते बोलायला लागले, तसेच संथ, आणि त्या संथपणातला प्रत्येक चढउतार तिच्या घशाला पाठ होता, याची तिला किळस आली. "म्हणजे असं बघा, ताई. बत्तीस वर्षं मी बसत होतो ते मोजणं थांबावं म्हणून. ते थांबलं. तुम्ही एका दुपारीत थांबवलंत. आता डोळे मिटले की हसणं ऐकू येतं. खोली मोजायला जातो, तर मापच लागत नाही."

"तसं... आम्ही तुम्हाला हसत नव्हतो, आजोबा."

"मग कुणाला?" त्यांनी वळून विचारलं. रागाने नव्हे. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "माझं एक काम करा. तिथे माझ्या ज्या रेषा ठेवल्यात, त्या काढून टाका. मी कागदावर सही केली होती, पण माघार घेता येते असं त्यात लिहिलेलं आहे. मी वाचलंय."

"त्या रेषांत तसलं काही नसतं हो. पलंगाचं वगैरे काहीच कळत नाही त्यातून."

"रेषांत नाही, ते तुमच्याकडे आहे," ते म्हणाले. "ते काढता येत नाही. मग निदान रेषा तरी काढा."

जिन्यावर पावलं वाजायला लागली. "बसायचं असेल तर बसा," ते म्हणाले. "इथे कुणाला मनाई नाही." आणि ते पुढे न जाता मागच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसले. माणसं येत गेली. डोक्यावरून ओढणी घेतलेली परिचारिका, गळ्यात क्रूस असलेला जाडजूड बेकरीवाला, मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्या दोघी बहिणी, बोटांत माळ धरलेला कुणी. पुढची खुर्ची रिकामी बघून एकदोघांनी मागे वळून पाहिलं आणि आदराने मान लववली. त्यांना तो विनय वाटला. ती त्याच मागच्या रांगेत, मोजणीदारांपासून तीन खुर्च्या सोडून बसली आणि तिने डोळे मिटले. आजवर कितीतरी माणसांना तिने टोपी घालून बसवलं होतं. स्वतः पाच मिनिटंही कधी बसली नव्हती. अंधारात सगळ्यात आधी कान आले, तापलेले, मोठे. मग खालच्या यंत्रांची घरघर, मग श्वास, वेगवेगळ्या लांबीचे. ते श्वास ऐकताना तिच्या घशात आपोआप हालचाल होत होती, कुणाची तरी तऱ्हा उचलत असल्यासारखी. बेकरीवाल्याचा श्वास सुटताना शिट्टी वाजत होती. ती शिट्टी तिच्या ओठांवर तयार झाली. एवढ्यातही! तिला वाटलं, आपल्या आत कुणी नाहीच, नुसती दुसऱ्यांची सोंगं टांगलेली एक खुंट्यांची रांग आहे, आणि प्रत्येक सोंग चोरीचं. तीन खुर्च्यांपलीकडे मोजणीदारांचा श्वास मध्येच अडकत होता आणि थोड्या वेळाने धक्क्याने सुटत होता. तिथे आता काय ऐकू येत असेल ते तिला माहीत होतं. त्यात तिचाच आवाज होता, त्यांच्या आवाजात. चाळीस मिनिटं ती जागची हलली नाही. शांत वगैरे काही वाटलं नाही. घंटा झाली तेव्हा ती कुणाकडे न बघता जिना उतरली.

माघारीचा अर्ज एका पानाचा असतो. माणसाला यायचं नसेल तर त्याच्या वतीने प्रयोगशाळेतल्या कुणीतरी भरायचा. वर क्रमांक, तारखा, आणि खाली 'कारण' म्हणून चार ओळींची चौकट. सगळे तिथे 'वैयक्तिक' लिहितात. तिने बुधवारी सकाळी दार लावून तो अर्ज पुढ्यात घेतला आणि ठरवलं की खरं लिहायचं. आधी 'संवादातील त्रुटी' असं लिहिलं आणि खोडलं. मग एकदा सुरुवात झाल्यावर हात थांबेना. बैठकीत मन कसं थांबत नाही हे त्यांनी सांगितलं होतं, पत्नीच्या मृत्यूनंतर ते काय मोजत होते हे सांगितलं होतं, आणि ते सगळं मी पाच जणांपुढे नक्कल करून दाखवलं, पलंगाच्या मापासकट. चौकट पुरली नाही, ती समासात गेली. सही केली तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. हलकं वाटलं. आपण लपवलं नाही, स्वतःला पाठीशी घातलं नाही. ती जवळजवळ ताठ मानेने झेरॉक्सच्या यंत्रापाशी गेली. नियमाप्रमाणे तीन प्रती लागतात, एक प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला, एक फाइलला, एक त्या माणसाच्या घरी. यंत्राने हिरवा उजेड टाकत एकेक कागद बाहेर सोडला. पहिल्या कागदावर तिची नजर गेली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. सहा फूट तीन इंच, बाय तीन. कोमट कागद हातात घेऊन ती उभी राहिली. समितीत सात माणसं होती. ती वाचतील. फाइल कुणीही काढील. आणि तिसरी प्रत ते स्वतः उघडतील, खुर्चीत बसून, चष्मा लावून. हलकं का वाटलं ते तिला कळलं. आजही ती तेच सांगत होती. आज फक्त हसणारे नव्हते, आणि टाळीच्या जागी स्वतःचा खरेपणा होता.

तिने मूळ कागद आणि तिन्ही प्रती कापणीच्या यंत्रात घातल्या, पट्ट्या होऊन खाली पडेपर्यंत बघत राहिली, आणि नवा अर्ज घेतला. या वेळी तीनच वाक्यं झाली. 'सहभागी व्यक्तीने विश्वासाने सांगितलेलं मी सहकाऱ्यांना हसवण्यासाठी वापरलं. त्यांची नक्कल केली. दोष पूर्ण माझा आहे.' चौकटीत जागा उरली. ती तशीच ठेवली.

डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि मग खुर्चीत बसल्या. "हे असंच पाठवायचंय? 'वैयक्तिक' लिहिलं तरी चालतं, तुला माहीत आहे."

"असंच."

"मग तुला माणसांबरोबर ठेवता येणार नाही. टोप्यांचं काम बंद. मागे आकड्यांच्या खोलीत बसावं लागेल."

"हो."

"आणि हे असे कितीजण? हा एकच?"

"नाही," ती म्हणाली. "सगळेच. जवळजवळ सगळे."

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी. तिने ते ओळखलं. चहाच्या खोलीत रोज समोरच्यांच्या डोळ्यांत तिने तेच पाहिलं होतं, त्याच्याच जोरावर ती जगत आली होती. बाई जरा पुढे झुकल्या, आवाज नकळत खाली आला. "पण म्हणाले काय होते ते असं? बत्तीस वर्षं बसलेला माणूस... काय सांगितलं त्यांनी तुला?"

तो आवाज तिच्या घशाशी आला. पहिलं वाक्य, मान कलण्याची ती जागा, सगळं तयार होतं. तिने दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरले.

"ते नाही सांगता येणार, बाई."

"समिती विचारेल."

"विचारू दे."

तिचे कान, गाल, मान, सगळं भाजत होतं, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मग बाईंनी खण ओढला, शिक्का काढला आणि कागदावर मारला.

"रेषा आज पुसायच्या की उद्या?" त्यांनी कोरडेपणाने विचारलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "मी बसते तिथे, पूर्ण पुसल्या जाईपर्यंत."